अण्णांची निळी रेघ

लाल रेघ बारावर होती आणि निळी चौऱ्याहत्तरवर. डॉक्टर मुल्लाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, तरी आकडा तोच.

"दुखत नाहीये त्यांना," त्या म्हणाल्या. "औषध बरोबर लागू पडलंय, शरीर शांत आहे. पण आतून तळमळतायत, सर. सोमवारपासून. आज गुरुवार."

सर म्हणजे सुहास मोरबाळे, गडहिंग्लजमधल्या एका हायस्कूलचा मुख्याध्यापक, वय छप्पन्न. गावात त्याला सर म्हणत, घरात सुहास म्हणत, आणि त्याचं स्वतःबद्दलचं मत चांगलं होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे ते फार टिकणार नाही.

पलंगावर होते अण्णा, म्हणजे त्याचे वडील. आयटीआयमध्ये तेहतीस वर्षं लेथ मशीन शिकवलेला माणूस. सात आठवड्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि अण्णांची वाचा गेली, हातपाय गेले. ऐकणं आणि समजणं तेवढं राहिलं. मग मूत्रपिंडांनी मान टाकली. आता आठवडा, फार तर दहा दिवस, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

अण्णांच्या डोक्यावर कानटोपीसारखी एक मऊ टोपी होती. माणूस घाबरतो, आठवतो, चिडतो तेव्हा मेंदूच्या त्या त्या भागात रक्त जास्त धावतं. टोपीतले बारीक दिवे कवटीतून आत न दिसणारा प्रकाश सोडत, आणि परतून येणाऱ्या प्रकाशावरून रक्त कुठं धावतंय ते ओळखत. छातीवरची पट्टी काळजाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजत असे. ही साधनं जुनीच. नवं होतं ते एवढंच, की शरीराचं दुखणं आणि मनाची घालमेल यांचे ठसे मेंदूत वेगवेगळे पडतात हे कुणीतरी हजारो आजाऱ्यांच्या नोंदी चाळून शोधून काढलं होतं. त्याआधी म्हातारं माणूस कण्हलं की घरचे म्हणत दुखतंय, आणि डॉक्टर गोळी वाढवत. ते माणूस भ्यालेलं असू शकतं किंवा एकटं पडलेलं असू शकतं, हे कळायला मार्गच नव्हता. आता दोन रेघा होत्या, लाल दुखण्याची आणि निळी मनाची.

टोपीला आणखी एक गोष्ट जमायची. अण्णांना 'हो' म्हणायचं असेल तर त्यांनी मनातल्या मनात लेथ चालवायचा. हात हलवण्याचा नुसता विचार केला तरी मेंदूतली हातांची जागा जागी होते, आणि पडद्यावर हिरवा ठिपका उमटतो. 'नाही' म्हणायचं असेल तर नुसतं पडून राहायचं. पण यानं आजारी माणूस फार थकायचा. एका वेळी तीन प्रश्न, त्यापुढच्या उत्तराचा भरवसा नाही. शिवाय प्रश्न आपणच शोधून काढायचा. बाईंनी विचारून पाहिलं होतं. भूक लागलीय? नाही. कुणाला भेटायचंय? नाही. देवाचं काही करायचंय? नाही.

"उद्या दहाला येते मी," बाई बॅग आवरत म्हणाल्या. "निळी पन्नासच्या खाली आली नसेल, तर गाढ झोपेचं औषध सुरू करावं लागेल. असं तळमळत ठेवणं बरं नव्हे. पण त्या झोपेतून ते परत जागे होणार नाहीत. मनात जे आहे ते तसंच राहील. निर्णयकर्ता म्हणून तुमचं नाव आहे, तेव्हा अंगठा तुमचाच लागेल. विचार करून ठेवा."

कायदा यंत्राच्या दोन पावलं मागेच होता. हिरव्या ठिपक्याला सहीची किंमत अजून मिळाली नव्हती. आधी लिहून ठेवलेलं काही नसेल तर घरातला एक माणूस ठरवी, आणि अण्णांनी लिहून ठेवलेलं नव्हतं. खरं तर दोनदा त्यांनी तो विषय काढला होता. दोन्ही वेळा सुहास म्हणाला होता, "शुभ बोला की अण्णा, कशाला अभद्र काढताय?"

*

दुपारी तात्या आले. तात्या म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, ऐंशीचे, शेंद्री रोडला राहणारे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असणारे. त्यांनी पडदा बघितला, आकडा समजून घेतला आणि खुर्चीवर मांडी घातली.

"ह्यात डॉक्टर काय करणार?" ते म्हणाले. "जीव अडकलाय त्येचा कशात तरी. रक्षेला कावळा शिवत न्हाई, तवा आपण काय करतो?"

"तात्या!" अक्का ओरडली. अक्का म्हणजे सुहासची थोरली बहीण शैलजा, निपाणीची, महिनाभर इथंच राहून अण्णांचं सगळं करत होती. "जित्ते हाईत ते अजून! रक्षा कसली काढताय?"

"म्हणून तर म्हणतोय. मेल्यावर कावळ्याला इचारायचं, त्यापरास जित्तेपणी मशीनला इचारलं तर काय वाईट?"

या भागात तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला नैवेद्य ठेवतात. कावळा शिवला तर गेलेला माणूस सुटला. नाही शिवला तर त्याची काही इच्छा राहिली. मग घरचे एकेक जण पुढे होतात, हात जोडतात आणि वचन देतात. धाकटीचं लग्न करून देतो, भावाभावांत भांडणार नाही, म्हशीला अंतर देणार नाही. कावळा शिवेपर्यंत सगळे उन्हात उभे. त्यातली किती वचनं पुढे पाळली जातात, ते कावळ्यांनाच ठाऊक.

तात्यांची कल्पना कुणालाच आवडली नाही आणि दुसरी कुणाकडे नव्हती. शेवटी तिघं पलंगाशी उभी राहिली.

पहिले तात्याच. त्यांनी आपली टोपी काढून हात जोडले. "आण्णा, वरच्या पट्टीचा बांध मी सरकवला हुता. दोन हात. ते साल आठवत न्हाई आता. परत सरकवतो. तुज्या पायाची आण."

निळी रेघ सत्तरवर आली. तात्यांचा चेहरा उजळला. मग ती हळूहळू परत चौऱ्याहत्तरवर गेली. म्हणजे बांध सरकल्याचं अण्णांना पहिल्यापासून माहीत होतं आणि त्याचं त्यांना विशेष काही नव्हतं. तात्या टोपी घालून खाली बसले.

अक्का कानाशी वाकली. तिच्या मुलीनं आपल्या मनानं लग्न केलं होतं आणि दोन वर्षं मायलेकी बोलत नव्हत्या. "अण्णा, मी पोरीला फोन करते. आजच करते. जावयालाबी घरात घेते," असं म्हणताना तिचा आवाज फाटला. रेघ अडुसष्टला आली, थोडी रेंगाळली, परत वर गेली.

आता सुहास. बोलणं हा त्याचा धंदाच. दर पंधरा ऑगस्टला तो हजार पोरांपुढे न अडखळता बोलायचा. त्यानं पलंगाचा कठडा धरला. "अण्णा, मी सुहास. तुम्ही कसलीही काळजी करू नका. तुमच्यासाठी मी काहीही कमी पडू देणार नाही. शेवटपर्यंत..."

रेघ वर उडाली. एकोणऐंशी. त्र्याऐंशी.

"गप, गप!" तात्या म्हणाले. "काय तरी भलतंच बोललास तू."

"मी काय भलतं बोललो?" सुहास म्हणाला, पण त्याचा हात कठड्यावरून आपोआप सुटला. अक्का पडद्याकडे बघत होती. मग तिनं सुहासकडे बघितलं आणि चटकन नजर वळवली. त्या वळवण्यात काहीतरी होतं, ते त्याला खुपलं.

*

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते खोटं नाही. दिवेलागणीच्या आधी सुहास बाहेरच्या सोप्यात एकटा बसला आणि त्यानं फोनवर अण्णांच्या नोंदी उघडल्या. पडद्यावर जे दिसे ते सगळं तिथं दिवसवार साठलेलं होतं. बाईंना असले दहा आजारी बघायचे होते. घरच्यांना ते वाचायचं सुचलं नव्हतं.

सोमवारी सकाळी रेघ चौतीसवर होती. अकरापर्यंत चौतीस, पस्तीस. अकरा वाजून वीस मिनिटांनी ती एकदम एकाहत्तरवर गेली होती.

अकरा वीसला काय झालं? त्यानं फोनमधले कॉल बघितले. अकरा सतरा ते अकरा तेवीस, डॉक्टर मुल्ला. बाई म्हणत होत्या, श्वास अडायला लागला तर काय करायचं ते ठरवू, घरीच ठेवायचा विचार करा. आणि सुहास अण्णांच्या पलंगाला टेकून, शाळेत बोलतो त्या खणखणीत आवाजात म्हणाला होता, "छे छे, कसर नको मॅडम. सरळ कोल्हापूरला हलवू, व्हेंटिलेटर लावू. आईच्या वेळीही मी मागंपुढं पाहिलं नव्हतं."

त्यानं पुढच्या नोंदी बघितल्या. मंगळवार संध्याकाळ, सहा चाळीस. त्या वेळी तो शाळेतून आला. बुधवार सकाळ, सव्वासात. त्यानं अण्णांना हाक मारली. प्रत्येक चढणीच्या पायथ्याशी त्याचा आवाज होता किंवा त्याचं पाऊल होतं. सातवीतल्या पोरालाही तो आलेख वाचता आला असता.

सुहासच्या कानशिलांत रक्त चढलं. समोर कुणी नसताना एवढी लाज वाटू शकते हे त्याला माहीत नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी आई गेली. फुप्फुसं आवळत चालली होती. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात ती श्वासाला महाग झाली होती, पण शुद्धीवर होती. तिनं सुहासचा हात धरून सांगितलं, "नळी नको घालू. घरी ने मला. तुझ्या अण्णांजवळ ने." त्यानं तिच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं, नेतो. मग तो बाहेर आला. बाहेर मावशी होत्या, शाळेतले दोन शिक्षक होते, भावकी होती. मुख्याध्यापकानं आईला दवाखान्यातून उचलून घरी नेऊन मारलं, असं उद्या लोक म्हणतील, असा विचार त्याच्या मनात आला. हाच आला, दुसरा कुठलाही आला नाही. त्यानं सही केली.

आई नळीला हात घालायची म्हणून तिचे दोन्ही हात पलंगाला बांधले. एकोणीस दिवस. अण्णांना त्यानं आत येऊ दिलं नाही, संसर्गाचं कारण सांगितलं. अण्णांनी फोनवर विचारलं, "अरे, ती नळीला नको म्हणत होती ना?" तेव्हा तो म्हणाला, "नाही अण्णा, तिनंच मान हलवली, घाला म्हणाली." आणि विसाव्या दिवशी म्हणाला, झोपेतच गेली, शांत गेली. आईसाठी पोरानं काही बाकी ठेवलं नाही, असं गाव म्हणालं. ते त्यानं ऐकून घेतलं. खरं तर ते त्याला आवडलं.

इच्छा, वचनं, कावळा! रीतीनं सगळ्यांना शिकवलं होतं की जाणाऱ्याचा जीव इच्छेत अडकतो. तो भीतीतही अडकू शकतो, हे कुणाला सुचलंच नव्हतं. अण्णांना काही नको होतं. पलंगावर पडून, हलता न येता, ते फक्त वाट बघत होते की आता मलाही नेतील.

आणि मग सुहासला तो दुसरा विचार आला, ज्याची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. उद्या दहाला एक अंगठा. अण्णा झोपतील, निळी रेघ खाली येईल, आणि हे कुणालाही कळणार नाही. नोंदी कोण बघतंय? त्यानं वाक्यसुद्धा जुळवलं. 'मॅडम, अण्णांचे हाल आता बघवत नाहीत मला.' ते मनात म्हणून बघितलं. चांगलं वाटत होतं. ऐकणाऱ्याचे डोळे भरून आले असते.

त्या वाक्याची ओळख पटायला त्याला थोडा वेळ लागला. दवाखान्याच्या बाहेर भावकीपुढे तो असंच काहीतरी बोलला होता, याच आवाजात.

*

शुक्रवारी दहाला बाई आल्या तेव्हा रेघ शहात्तरवर होती. तात्या आधीच येऊन बसले होते, अक्का उशाशी होती. बाईंनी टॅब पुढे केला.

"आधी मला अण्णांना तीन प्रश्न विचारायचेत," सुहास म्हणाला.

"विचारा. पण आज ते आधीच थकलेत. जपून."

"अक्का, तात्या, तुम्ही..." बाहेर जा, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं. मग म्हणाला, "तुम्ही थांबा."

तो पलंगाच्या पायाशी उभा राहिला, जवळ गेला नाही. शाळेतला आवाज कुठे गेला होता कोण जाणे, घशातून निघालं ते पुटपुटणं होतं. "अण्णा, आईनं मान हलवली, नळी घाला म्हणाली, असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. ती नको म्हणत होती. घरी ने म्हणत होती. मी शपथ घेतली आणि सही केली. तिचे हात बांधलेले होते, एकोणीस दिवस. ती शांत गेली नाही. तुम्हाला हे माहीत होतं का?"

तात्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. पडद्यावर बराच वेळ काही आलं नाही, मग हिरवा ठिपका उमटला.

"मनगटं बघितली आम्ही," अक्का हळू म्हणाली. "सवाष्ण गेली म्हणून हिरव्या बांगड्या भरल्या तिला. तेव्हा बघितली, दोन्ही मनगटं. काळीनिळी. अण्णा कुंकू लावायला आले होते, त्यांनीबी बघितली. तू बाहेर गाडीचं बघत होतास."

"मग बोलली का नाहीस मला?"

"दवाखान्यात असंच करत असतील, वाटलं मला. ती नको म्हणाली हे कुठं ठाऊक होतं?" अक्काचे डोळे भरले, पण आवाज कोरडा होता. "अण्णा म्हणाले, सुहासला काय बोलू नको. त्याचा तो सांगेल."

त्याचा तो सांगेल! सहा वर्षं. सकाळचा चहा एकत्र, रात्रीचं जेवण एकत्र, आणि समोर बसलेला माणूस वाट बघत होता. सुहासला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तो कठड्याच्या लोखंडाकडे बघत उभा राहिला.

"दुसरा प्रश्न?" बाईंनी आठवण केली. त्यांचाही स्वर बदलला होता.

"आईसारखंच तुमचं करतील, अशी भीती वाटते का?"

ठिपका. या वेळी लवकर.

"शेवटचा, सर."

सुहासच्या जिभेवर एक प्रश्न तयार होता. मला माफ केलंत का? रात्रभर तो हाच प्रश्न घोळवत होता. पण त्या प्रश्नाचं उत्तर अण्णांना नको होतं, ते त्याला हवं होतं. अण्णांकडे उरलेलं हे एकच उत्तर आपण आपल्यासाठी वापरणार, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं तो गिळला.

"अण्णा, तुम्हाला माझी भीती वाटते का?"

हिरवा ठिपका इतक्या लवकर याआधी कधी उमटला नव्हता. बाईंनी मान खाली घातली.

"ऐका, अण्णा," सुहास घाईघाईनं म्हणाला, "मी तुम्हाला कुठंही नेणार नाही. नळी नाही, काही नाही. इथंच. मी शब्द देतो."

रेघ शहात्तर. सत्त्याहत्तर.

"आरं, शपथ घे!" तात्या न राहवून म्हणाले.

"शपथ घेऊन काय उपयोग, तात्या? आईपुढेही घेतली होती."

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. इथं तर तेच दूध होतं आणि तेच भांडं. सुहासला पहिल्यांदा नीट कळलं की आता त्याच्या शब्दात काही उरलं नाही. तो किती कळवळून बोलतो यावर काहीच अवलंबून नव्हतं. त्यानं चांगलं व्हायचं ठरवलं तरी अण्णांना ते दिसणार नव्हतं, आणि दिसेपर्यंत अण्णा थांबणार नव्हते.

तो बाईंकडे वळला. "माझं नाव काढा. निर्णयकर्ता म्हणून अक्काचं घाला. आत्ता होतं का?"

"होतं. तुम्ही सोडलं आणि त्यांनी घेतलं की झालं. पण एकदा सोडलंत की परत बोलायचा हक्क नाही, सर. कशातच."

"कळलं." त्यानं अंगठा ठेवला. "अण्णा, मी आता काही ठरवणार नाही. मला विचारणारच नाहीत. सगळं अक्का ठरवेल."

अक्कानं पदरानं हात पुसला आणि तिचा अंगठा ठेवला. मग ती अण्णांच्या कानाशी वाकली. "अण्णा, शैला बोलतीया. माझ्या हातात आलंय आता. ह्या खोलीतनं तुम्हाला कुणी हलवायचं नाही. कोण आलं तरी दारातनं परत लावीन."

एकसष्ट. बाई पुढे झुकल्या. अठ्ठेचाळीस. एकेचाळीस. रेघ अशी उतरत गेली की बघणाऱ्यालाच धाप लागावी. तेहतीसवर ती थांबली आणि तिथंच राहिली.

"झोपेचं औषध नको आता," बाई म्हणाल्या.

तात्यांनी हात जोडले. "शिवला," ते म्हणाले आणि रडायला लागले. अक्का अण्णांच्या कपाळावरून हात फिरवत होती. चारपाच मिनिटं सुहासकडे कुणी बघितलं नाही.

आनंद व्हायला हवा होता आणि झालाही असेल कुठंतरी खाली. वर मात्र एकच गोष्ट तरंगत होती, की तो बाजूला झाला तेव्हाच बाप निवांत झाला. त्यानं अण्णांच्या पायांवर डोकं ठेवावं म्हणून एक पाऊल पुढे टाकलं. चाळीस. पंचेचाळीस.

"सर," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "थोडं बाहेर थांबता का?"

*

पुढचे दोन दिवस तो सोप्यात बसून होता. येणारे जाणारे आधी त्यालाच भेटत. शनिवारी शाळेतले कुलकर्णी सर आले. "सर, तुम्ही बाहेर? आत वडिलांपाशी बसायचं सोडून?"

काहीतरी सांगता आलं असतं. पाठ धरली आहे, अक्का बसली आहे, आत्ताच उठलो. तिन्ही कारणं जिभेच्या टोकावर आली.

"अण्णांना मी जवळ नको आहे," सुहास म्हणाला. "माझी भीती वाटते त्यांना. मी आईच्या वेळी वाईट वागलो होतो."

कुलकर्णी सरांना कुठं बघावं ते कळेना. त्यांनी यंदाच्या दहावीच्या निकालाचं काहीतरी काढलं आणि पाणी न पिता निघाले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर होणार हे सुहासला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी लोकांच्या ज्या बोलण्याला तो भ्याला होता त्याहून हे वाईट, कारण हे खरं होतं.

रविवारी दुपारी अक्का बाहेर आली. तिनं दाराला हात टेकला. "श्वास लांबलाय. बाईंना फोन केलाय, निघाल्यात त्या. चल आत."

सुहास उठला.

"मशीन बंद केलंय मी," ती म्हणाली. "आकडा बघायलाच नको. पोटचा पोरगा हाईस, शेवटाला जवळ नको का? चल."

तो उंबऱ्यापर्यंत गेला. आत पलंग होता, पडदा काळा होता. आता जाऊन हात धरला असता, गालाला गाल लावला असता, तर कुणी अडवलं नसतं. अण्णांना काय वाटतंय ते दिसलंही नसतं. त्यांना बरंच वाटलं असणार, असं त्याला आयुष्यभर म्हणता आलं असतं.

"चालू कर," तो म्हणाला.

"कशाला रे आता?"

"बंद असलं की मला सोयीचं तेच खरं वाटतं. चालू कर, अक्का."

तिनं त्याच्याकडे क्षणभर बघितलं, दोन दिवसांत पहिल्यांदा, आणि बटण दाबलं. पडदा उजळला. लाल नऊ. निळी एकोणतीस.

सुहासनं उंबरा ओलांडला. अनवाणी, हळू, पण अण्णांना ते पाऊल ओळखू येणारच होतं. एकोणतीस. आणखी एक पाऊल. तीस. कपाटापाशी पोचला तेव्हा रेघ छत्तीसवर गेली. तो थांबला. एक पाऊल मागे आला आणि वाट बघितली. चौतीस. एकतीस. तीस.

तिथून अण्णांचा चेहरा दिसत नव्हता. चादरीखालचे पाय दिसत होते, आणि अक्काच्या हातात सैल पडलेला एक हात. तिनं ओल्या कापसानं ओठ पुसले. श्वास येत होता, थांबत होता, परत येत होता. सुहासला हाक मारायची होती, ती त्यानं मारली नाही.

वीसेक मिनिटं लागली. शेवटपर्यंत निळी रेघ तिशीच्या वर गेली नाही, आणि सुहास कपाटाच्या पुढे गेला नाही.